रोडग्याची फिर्याद

‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.’ नाथांचं हे भारूड कधीच कानावर पडलं नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. पण त्यातली बाई देवीपुढे उभी राहून नेमकं काय मागते, ते एकदा चाल बाजूला ठेवून वाचा. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडफड बोलते, तिला बोडकी कर, म्हणजे दिराचाही निकाल त्यातच लागला. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मग नवऱ्याची पाळी : दादला मारून आहुती देईन, मला मोकळी कर. आणि शेवटी, ‘एकलीच राहू दे मला’.

चार माणसांचं मरण, एका लेकराला खरूज, आणि मोबदल्यात एक रोडगा. आज हे शब्द एखाद्या उत्साही ठाणे अंमलदारापुढे लेखी तक्रारीसोबत गेले तर कट, धमकी आणि वर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशी भरगच्च फिर्याद तयार होईल. सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ हे भारूड गायलं जातंय, तशी फिर्याद कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आपले पूर्वज फार उदार होते म्हणून नव्हे. तेही आपल्याइतकेच तिरसट होते आणि पैठणात नाथांना त्यांनी कमी छळलं नाही. कारण साधं आहे. भारूड त्यांना कागदावर भेटत नव्हतं. लुगडं नेसलेला, मिशा तशाच ठेवलेला एक बाप्या समोर नाचत असायचा, टाळ-मृदंग वाजत असायचा आणि समोरची मंडळी पोट धरून हसत असायची. एवढं डोळ्यांसमोर असताना ‘खपवी त्याला’ म्हणजे खून, असा अर्थ काढायला फारच मेहनत लागते.

ती मेहनत करणारी माणसं मात्र प्रत्येक काळात आणि प्रत्येक देशात असतात.

१९ सप्टेंबर १९८५. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे रॉक गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी होती. बड्या घरच्या काही बायकांनी एक मंडळ काढून मागणी केली होती की अश्लील, हिंसक, व्यसनांचे गोडवे गाणाऱ्या रेकॉर्डांवर तसा इशारा छापा. मंडळात टिपर गोर होत्या आणि समितीत त्यांचे पती सिनेटर अल गोर. साक्षीला बोलावलेल्यांपैकी एक होता ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर. बाह्या कापलेलं डेनिमचं जाकीट, खांद्याखाली रुळणारे पिंजारलेले केस. खिशातून घडी घातलेला कागद काढून तो वाचू लागला, तेव्हा समोरच्या सुटाबुटातल्या मंडळींना करमणुकीची अपेक्षा असावी. माणूस मुद्देसूद निघाला.

‘अंडर द ब्लेड’ या त्याच्या गाण्यात बांधून ठेवणं, लैंगिक छळ, बलात्कार आहे असं टिपर गोर यांनी लिहिलं होतं. स्नायडरने सांगितलं की गाणं सुचलं ते आमच्या गिटारवाल्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेवरून. बांधलेला माणूस म्हणजे टेबलावरचा रुग्ण, पातं सर्जनचं, आणि भीती म्हणजे आपल्या सगळ्यांना ऑपरेशनआधी वाटते तीच. पुढे तो जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा की यात जो काही छळ आणि बलात्कार आहे तो श्रीमती गोर यांच्या मनात आहे. त्या शोधायला निघाल्या होत्या, त्यांना सापडला.

त्याच दिवशी तिथे जॉन डेन्व्हरही साक्षीला होता. गोल चष्मा, सोनेरी केस, डोंगरदऱ्यांची गाणी म्हणणारा, अमेरिकेतल्या आयांचा लाडका. त्याच्या ‘रॉकी माउंटन हाय’ या गाण्यावर काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली होती, कारण शीर्षकातली धुंदी गांजाची असणार! डेन्व्हरने समितीला सांगितलं की ती धुंदी कोलोरॅडोच्या पहाडाची आहे. म्हणजे राक्षसाच्या वेशातला गायक आणि शेजारच्या घरातला सज्जन मुलगा, दोघं एकाच पिंजऱ्यात.

यापेक्षा मजेचा प्रकार त्याच्या वीस वर्षं आधी झाला होता. ‘लुई लुई’ नावाचं गाणं द किंग्समेन या पोरसवदा बँडने १९६३ मध्ये पोर्टलंडच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. गाणाऱ्याच्या दातांना तारा, मायक्रोफोन उंचावर टांगलेला; शब्द धड एक कळत नव्हता. कळत नाही म्हणजे घाणेरडंच असणार, असं पालकांनी ठरवलं. तक्रारी थेट एफबीआयपर्यंत गेल्या आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी ती तबकडी वेगवेगळ्या वेगांवर फिरवून ऐकली. महिनोन्‌महिने चौकशी करून निष्कर्ष काय, तर कोणत्याही वेगावर शब्द कळत नाहीत. गाणं खरं तर एका खलाशाचं आहे. तो गुत्त्यावर बसून दारू देणाऱ्याला सांगतोय की मला घरी, माझ्या पोरीकडे जायचंय. मूळ रेकॉर्ड १९५७ची, रिचर्ड बेरीची, आणि तिच्यात शब्द बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू येतात.

हे किस्से सांगून कलावंताच्या बाजूने टाळ्या घेणं सोपं आहे. पण स्नायडरच्या साक्षीत एक गोम आहे आणि ती पुढे न ढकलता बघायला हवी. त्याच साक्षीत तो असंही म्हणाला होता की गाण्यात, कवितेत ऐकणाऱ्याला स्वतःची कल्पना, स्वतःचे अनुभव घालायला जागा असते आणि तीच तर त्यातली गंमत. छान. मग ती जागा टिपर गोरबाईंना का नको? प्रत्येकाने आपापला अर्थ घ्यायचा, तर त्यांनी त्यांचा घेतला. आणि अर्थ कवीच्या मनातलाच खरा असेल, तर मोकळ्या जागेच्या गप्पा कशाला?

माझं उत्तर असं आहे. अर्थ लावणारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांना एकच नियम लावणं हीच चूक आहे. गाणं स्वतःसाठी ऐकणाऱ्याला पूर्ण मोकळीक हवी. त्याने चुकीचं ऐकलं, अर्धवट ऐकलं, विरहाचं गाणं लग्नात वाजवलं, तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण जो त्या अर्थाच्या जोरावर दुसऱ्याचं काही काढून घेणार आहे, म्हणजे बंदी घालणार, फिर्याद करणार, नोकरीवरून काढणार किंवा ते गाणं आपल्या प्रचाराच्या गाडीवर चढवणार, त्याच्यावर पुराव्याचा भार हवा. त्याने पूर्ण गाणं ऐकलं पाहिजे, ते कोण म्हणतंय हे पाहिलं पाहिजे, चाल ऐकली पाहिजे, कुठे आणि कुणापुढे म्हटलं गेलं ते विचारलं पाहिजे. रसिक चुकला तर तो त्याचा घरगुती मामला. दंड करणारा चुकला तर किंमत दुसरा मोजतो.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ज्याने लिहिलं त्यालाच विचारा. हा मार्ग दिसतो तितका सरळ नाही.

बॉब डिलनचं ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ घ्या. या गाण्याबद्दल रॉकच्या इतिहासात एक ठरलेली गोष्ट सांगतात : क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, जग अणुयुद्धाच्या काठावर आलं, आणि तेव्हा बावीसचाही नसलेल्या डिलनने, आता पुढची गाणी लिहायला आयुष्य उरणार नाही अशा धास्तीत, प्रत्येक ओळ म्हणजे एका न लिहिलेल्या गाण्याची सुरुवात, असं हे गाणं लिहिलं. १९६३ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावरच्या मजकुरात हे गाणं त्याच संकटाशी जोडलेलं आहे. गोष्ट सुरेख आहे. अडचण कॅलेंडरची आहे. डिलनने हे गाणं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २२ सप्टेंबर १९६२ला म्हटलं. केनेडींनी क्षेपणास्त्रांची बातमी टीव्हीवरून देशाला दिली २२ ऑक्टोबरला. बरोबर एक महिन्याने.

मग १९६३ मध्येच शिकागोच्या रेडिओवर स्टड्स टर्केल या नामांकित मुलाखतकाराने डिलनला या पावसाबद्दल विचारलं. उत्तर आलं की तो अणुबॉम्बचा पाऊस नाही, नुसता जोराचा पाऊस आहे. आणि गाण्यात पाण्यात मिसळणाऱ्या विषाच्या गोळ्या येतात ना, त्या म्हणजे वर्तमानपत्रं आणि रेडिओ लोकांना जे खोटं सांगतात ते. तर वेष्टन एक सांगतं, कवीचं तोंड दुसरं, तारीख तिसरं. कवीला साक्षीला जरूर बोलवावं; पण तो साक्षीदारच, न्यायाधीश नव्हे. तोही विसरतो, गोष्ट रंगवतो, विचारणाऱ्याला टोलवतो. नोबेल पारितोषिकाच्या आपल्या व्याख्यानात तर डिलनने सरळ सांगून टाकलं की गाण्याने तुम्हाला हलवलं तर तेवढं पुरे, त्याचा अर्थ काय हे मला माहीत असायची गरज नाही.

याहून चांगला साक्षीदार गाण्याच्या घडणीत लपलेला आहे. गाणं सुरू होतं प्रश्नाने : कुठे होतास रे, माझ्या लेकरा? मग मुलगा सांगतो काय पाहिलं, काय ऐकलं, कोण भेटलं. ही बांधणी डिलनची नाही. ‘लॉर्ड रँडल’ नावाचं जुनं पोवाड्यासारखं कथागीत आहे, स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचं, शेकडो वर्षं तोंडोतोंडी फिरलेलं. त्यात आई अशीच विचारत जाते, मुलगा थकलेल्या आवाजात उत्तरं देत जातो, आणि हळूहळू कळतं की त्याच्यावर विषप्रयोग झालाय, तो मरायला टेकलाय. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये लोकगीतं ऐकणाऱ्यांना हे कथागीत ठाऊक होतं. त्यामुळे पहिला प्रश्न कानावर पडताच त्यांच्या पोटात गोळा येणार : हा मुलगा वाचणार नाही. शब्दांत कुठेही न लिहिलेला हा अर्थ, त्या घराण्याच्या नुसत्या चौकटीतून आलेला. आपल्याकडे मथुरेच्या बाजाराला निघालेली गवळण आली की पुढे कान्हा वाट अडवणार हे जसं कान ओळखतो, तसंच.

आणि ऑक्टोबर १९६२मध्ये ज्यांनी या पावसात बॉम्ब ऐकला, ते चुकले का? अजिबात नाही. गाण्याला क्युबा माहीत नव्हता. क्युबा चालत गाण्यापाशी आला. ओव्यांचंही असंच होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या ढिगाने आहेत. सीतेने आपला सासुरवास देशोदेशीच्या बायांना वाटून दिला, असं ओवी सांगते. पहाटे जातं ओढणारी बाई रामायणावर भाष्य करत नसते, हे सांगायला पंडित लागत नाही. ओवी कुणी रचली, कधी रचली, तिच्या मनात काय होतं, काही ठाऊक नाही. तरी अर्थ अडत नाही.

थोडं विषयांतर. ‘या गाण्याचा खरा अर्थ तुम्हाला ठाऊकच नाही’ अशा व्हिडिओंचा सध्या पूर आलाय आणि मला त्यांचा मनस्वी कंटाळा आहे. दहा मिनिटं बोलून शेवटी हाती काय, तर हे गाणं अमक्या व्यसनावर आहे किंवा तमक्या बाईवर आहे. गाणं म्हणजे कुलूप आणि आपल्याकडे त्याची किल्ली, अशी ही समजूत. एकदा किल्ली फिरवली की गाणं पुन्हा ऐकायची गरज उरत नाही, हा तिचा खरा फायदा.

पण ज्या गाण्याच्या ‘खऱ्या अर्था’वरून अमेरिकेत सगळ्यात जास्त शहाणपणा शिकवला गेला, ते ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. इथे मात्र मला रसिकांच्या नेहमीच्या मताविरुद्ध जायचं आहे.

गाणं १९८४चं. कडव्यांमध्ये जी गोष्ट आहे ती अशी : गरीब गावात जन्मलेला एक तरुण, बारीकशा भानगडीत सापडतो, हातात रायफल देऊन त्याला व्हिएतनामला धाडतात, परत येतो तर कारखान्यात काम नाही, माजी सैनिकांच्या कार्यालयात दाद नाही. खे सान्हला लढलेला भाऊ गेला. दहा वर्षं रस्ता तुडवतोय, जायला जागा नाही. आणि ध्रुवपद मात्र मूठ उगारून म्हटलेलं : माझा जन्म अमेरिकेतला!

सप्टेंबर १९८४मध्ये जॉर्ज विल या परंपरावादी स्तंभलेखकाने हे ध्रुवपद म्हणजे प्रसन्न, ठणठणीत देशाभिमान असं लिहिलं. पाठोपाठ १९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचं नाव घेतलं. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीनने मिस्कीलपणे म्हटलं की अध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल याचा मी विचार करतोय. ‘नेब्रास्का’ नसावा बहुतेक (हा त्याचाच, उदास गाण्यांचा अल्बम). आणि काम सुटलेल्या, खून करून बसलेल्या एका मोटारकामगाराचं गाणं सुरू केलं.

तेव्हापासून चाळीस वर्षं समजूतदार लोक सांगत आलेत की रेगन यांनी फक्त ध्रुवपद ऐकलं, कडवी ऐकली नाहीत. गाणं खरं तर निषेधाचं आहे. पहिला अर्धा भाग मान्य. पण ‘खरं तर निषेधाचं’ म्हणणारेही तेच करतात जे टिपर गोर यांनी केलं : गाणं कागदावर उतरवून वाचतात. ते वाजवून बघा. पहिल्या क्षणापासून सिंथसायझरची ती तुतारीसारखी सहा-सात सुरांची ललकारी आणि तोफेसारखा पडणारा मॅक्स वाइनबर्गचा ड्रम. ही शोकगीताची चाल नाही. मिरवणुकीची आहे. मैदानात साठ हजार लोक मुठी उगारतात ते बहिरे आहेत म्हणून नव्हे. चालच त्यांना तसं करायला सांगते.

हे चुकून झालं असं मानायलाही जागा नाही. १९८२च्या सुरुवातीला स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या टेपवर, नुसत्या गिटारवर हेच गाणं आधी ध्वनिमुद्रित केलं होतं. पुढे १९९८मध्ये ते बाहेर आलं. त्यात ललकारी नाही, ढोल नाही. एक कोंडलेला माणूस पुटपुटतोय, मध्येच किंचाळतोय. ते ऐकून रेगन यांच्या भाषणलेखकाला आशा आठवली नसती. म्हणजे निव्वळ निषेध हवा असता तर तो टेपवर तयार होता. तो ठेवून स्प्रिंगस्टीनने बँड उभा केला आणि मिरवणूक काढली. ज्या देशाने या माणसाला फेकून दिलं त्याच देशावर तो अजून ओरडून हक्क सांगतोय, आणि त्या ओरडण्यात अभिमान आहे, राग आहे, दोन्ही एकाच श्वासात. कडवं ध्रुवपदाला खोटं पाडत नाही आणि ध्रुवपद कडव्याला गिळत नाही. मैदानातला मूठवाला अर्धा बरोबर आहे, कागदवाला अर्धा बरोबर आहे. रेगन यांचा दोष एवढाच की त्यांनी त्यातला एक अर्धा कापून घरी नेला, आणि नेला तो मतं मागायला. एखाद्या कामगाराने बिअर पीत नुसतं ध्रुवपद म्हटलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

‘धिस लँड इज युवर लँड’चंही असंच कापकाप झालं. वुडी गथ्री या लोकगायकाने ते फेब्रुवारी १९४०मध्ये लिहिलं, रेडिओवर सारखं वाजणाऱ्या ‘गॉड ब्लेस अमेरिका’ला वैतागून. त्यात ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लावलेली भिंत आहे आणि मदत कार्यालयाच्या रांगेत उपाशी उभी माणसं आहेत. शाळेच्या पुस्तकांतून ती कडवी गळाली आणि उरलं ते निसर्गवर्णन. २००९च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकावर नव्वदीला आलेल्या लोकगायक पीट सीगरने ती कडवी म्हणूनच गाणं म्हटलं. शेजारी स्प्रिंगस्टीनच होता.

इथवर सगळी उदाहरणं अशी की गाणं निर्दोष आणि फिर्यादी आंधळा. पण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे होत नाही. गाणी विष पेरू शकतात, हे नाकारून चालणार नाही.

सिमोन बिकिंदी हा रवांडातला लोकप्रिय गायक, लोकनृत्याचा संच चालवणारा. १९९४मध्ये तिथे बहुसंख्य हुतूंनी केलेल्या नरसंहारात अल्पसंख्य तुत्सींच्या विरोधात चिथावणी देणाऱ्या रेडिओवर त्याची गाणी सतत वाजत. त्या गाण्यांत मारा असं कुठे म्हटलेलं नाही. हुतूंच्या एकीचे, जुन्या गुलामगिरीचे, इतिहासाचे रूपकात्मक उल्लेख आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्यावर खटला चालवला आणि २००८च्या डिसेंबरात निकाल दिला. किन्यारवांडा भाषेतले श्लेष, म्हणी, लोककथांचे संदर्भ यांचे जाणकार बोलावून ओळन्‌ओळ तपासली. निष्कर्ष असा की गाण्यांनी इतिहास वाकवला, हुतूंची एकी चेतवली आणि त्यांचा वापर द्वेष भडकवायला झाला. पण ती त्याच हेतूने रचली होती किंवा त्यानेच ती तशी वाजवायला लावली, हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. बिकिंदीला पंधरा वर्षांची शिक्षा झाली ती गाण्यांसाठी नव्हे. जून १९९४च्या अखेरीस एका रस्त्यावर, गाडीवरच्या भोंग्यातून, त्याने तुत्सींना संपवण्याचं थेट आवाहन केलं होतं, त्यासाठी.

लाखो माणसं मेल्यानंतर, जगाचा राग डोक्यावर घेऊन बसलेल्या न्यायाधीशांनी गाणं आणि भोंगा यांत फरक केला. हा फरक करायला त्यांना वेळ लागला, भाषा समजून घ्यावी लागली. दंड करणाऱ्यावरचा भार म्हणतो तो हा.

आपल्याकडे हा भार उचलायची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. १९४६मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. कमकुवत, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. १९८८मध्ये ‘तमस’ मालिकेवर बंदीची मागणी आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या लेंटिन आणि सुजाता मनोहर या न्यायमूर्तींनी काय केलं? मालिका बसून पाहिली. मग निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरताना बोस यांचंच माप वापरलं.

आणि अगदी अलीकडे, २०२५मध्ये. राज्यसभेचे खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका सामुदायिक विवाह सोहळ्याचा ४६ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे एक उर्दू कविता. जामनगरमध्ये गुन्हा दाखल झाला, समाजात तेढ वगैरे कलमं लागली, गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. कवितेची सुरुवात रक्तपिपासूंना उद्देशून आहे, तेवढ्यावर फिर्यादीचं भागलं. पुढे ती म्हणते काय, तर अन्यायाला आम्ही प्रेमाने सामोरे जाऊ. २८ मार्चला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुइयां यांनी गुन्हा रद्द केला आणि पोलिसांना सांगितलं की असा गुन्हा नोंदवण्याआधी शब्द वाचा, त्यांचा अर्थ समजून घ्या. नागपूरचे बोस तिथेही हजर होते, एकोणऐंशी वर्षांनी.

निकाल चांगला. पण पहिली ओळ ऐकून धावत सुटणाऱ्याला शेवटची ओळ ऐकवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, आणि तिथवर जाण्याची ऐपत खासदाराला असते. गावातल्या शाहिराचं काय? त्याचं गाणं कुणी तरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात कापतो, चाल गेलेली, हावभाव गेलेले, समोरचं हसू गेलेलं, आणि ते अर्धं मिनिट जिल्ह्याभर फिरतं. शब्द तेच असतात. म्हणून तर ‘आम्ही एक शब्द बदललेला नाही’ असं कापणारा छातीठोकपणे सांगू शकतो.

नवरात्रात आमच्या गावच्या देवळापुढे भारूड असतं. परवाच्या खेपेस लुगडं नेसून नाचणारा बुवा चांगला तयारीचा होता. माइक मधूनच शिट्टी मारत होता, तरी ‘तिकडेच खपवी त्याला’ला हशा पिकला. सासवा-सुना एकाच सतरंजीवर बसल्या होत्या आणि हसण्यात कोण पुढे, ते सांगणं अवघड होतं. सासूच्या कडव्यानंतर बुवाने टाळ थांबवले, घाम पुसला आणि निरूपणाला हात घातला. ‘आता सासू म्हणजे कोण? माउली हो, सासू म्हणजे कल्पना!’

पुढे बसलेली एक म्हातारी पदर सावरत मोठ्याने म्हणाली, ‘आमची नव्हती रे बाबा कल्पना. चांगली उखळापाशी बसायची, मुसळ घेऊन.’